औंदा जवारी नको

१२ नोव्हेंबर १९९९

माझ्या कंपनीतला भागीदार धर्मराजभाऊ, त्यानं ही डायरी दिली. कुठल्याशा बियाणे कंपनीची आहे, पानोपानी कपाशीची बोंडं छापलेली. साल संपत आलं, दुकानात उरली असंल, म्हणून माझ्या पदरात टाकली. म्हणला, "शिवकन्याताई, लेंडीखताच्या कोणत्या ढिगाला कधी पाणी मारलं, कधी पलटी दिली, सगळं लिहित जा. कंपनी अशीच चालत असती." मी बराबर म्हणले. पण पहिल्याच पानावर ढिगाचं लिहायला जीव होईना. ते मागच्या पानांवर लिहीन. इथं माझं लिहिते. वाचणार कोण? आमच्या पालात वाचता येणारी मी एकटीच. बारावी सायन्स, नर्सिंगला नंबर लागता लागता राह्यलेली.

आज सकाळी मेंढरं घेऊन गावातून निघालो. सासरे रायभानमामा पुढं, सासूबाई आसराबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, त्यांच्या अंगाला चिकटून, मागं मेंढरं, आणि सगळ्यात मागं माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. घेते. राधाकिसन. राधाकिसन, राधाकिसन. काही झालं न्हाई, आभाळ जागेवरच आहे.

घोडीवर पाल, भांडी, कोंबड्या आणि यंदा पहिल्यांदाच माझी मोठी लोखंडी चाळणी. आत्याबाई म्हणल्या, "हिला काय सोयरी समजून घोडीवर बसवली का गं?" मी हसले. रायभानमामा हसले न्हाईत. मी कंपनी काढल्यापासून ते माझ्याकडं बघतच न्हाईत. समोर उभी राहून बोलले तरी नजर माझ्या खांद्यावरून पल्याड जाती. राग आहे, दुसरं काय.

एक गोष्ट आजच लिहून ठेवते. मला दोन्ही पाहिजे, चालणं पण आणि कंपनी पण. मागच्या साली चालता चालता माझं पोटातलं गेलं. दवाखाना भोकरदनला, आणि जीप मिळेस्तोवर सगळं होऊन गेल्तं. तवापासून डोक्यात एकच आहे, जालन्यात एक पक्की खोली. पावसाळ्यात, बाळंतपणात, दुखण्याखुपण्यात जाऊन टेकायला. बाकी साल चालायचंच. राधाकिसन चार भिंतींत जगणारा माणूस न्हाई, आणि त्याला सोडून मी जगणारी न्हाई.

१९ नोव्हेंबर

काल जालन्याला जाऊन आले. मस्तगडला धर्मराजभाऊच्या दुकानात औरंगाबादचा नर्सरीवाला आल्ता. मोसंबीची रोपं करतो, कुंड्या विकतो. मला म्हणला, "तुम्ही लोक फिरता कशाला? एका जागी राहा की."

मी सांगितलं, "साहेब, सुगी झाली की शेतकरी आम्हाला बोलावतात. दिवसा मेंढरं त्याच्या रानातला पाला खातात, रात्री त्याच्याच रानात जाळी लावून बसतात. त्याच्या रानाला खत होतं. मालक जवारी देतो, विहिरीचं पाणी देतो. मंग पुढच्या मालकाकडं."

"म्हणजे खत तर शेतकऱ्याचं झालं. तुम्ही मला काय विकणार?"

"रात्रीचं त्याचं," मी म्हणले. "दुपारचं आमचं."

भाऊ लई खूश झाला या उत्तरावर. खरंच आहे ते. दुपारी मेंढरं गायरानात न्हाई तर ओढ्याच्या झाडाखाली टेकतात, तिथल्या लेंड्या कुणाच्या न्हाईत. मी खराट्यानं झाडते, वाळवते, पोती जीपवर टाकून भोकरदन रोडच्या शेडला आणते. भाऊच्या बापानं ते शेड कधीकाळी कपाशी ठेवायला बांधलं होतं. तिथं लेंड्या कुटायच्या, निंबोळीची पेंड मिसळायची, ओल्या करून गोणपाटाखाली ढीग लावायचा, वरचेवर पलटायचा, न्हाई तर आत तापून जळतो. ढीग थंडावला की चाळून पिशव्या भरायच्या. पिशवीवर नाव छापलंय, "रेणुका लेंडीखत". पिंपळगाव रेणुकाईची देवी आमच्या वाटेवरची, म्हणून मीच नाव सुचवलं.

रात्री पालात पिशवी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली, नाकाला लावली, आणि उलटी धरून म्हणले, "चांगली हाये." उलटी! इतका पण काय तो तुसडेपणा. आत्याबाईंनी झटकन ती सुलटी केली आणि विषय बदलला.

४ डिसेंबर

ढीग जळला.

ज्या दिवशी पलटायचा, त्या दिवशी आम्ही जाफराबादच्या वर होतो. घोडीला पोटदुखी झाली आणि निघता आलं न्हाई. गेले तोवर गोणपाटाखालून धूर निघून राह्यला होता, आत सगळं पांढरं पडलेलं. त्यात आधीच्या ढिगाचा काही माल कच्चाच नर्सरीला गेल्ता. त्याची रोपं करपली. तो फोनवर भाऊला काय काय बोलला ते भाऊनं मला एक अक्षर न गाळता सांगितलं.

मंग भाऊ स्वतःचं बोलला. "ताई, ढीग काय मेंढरू हाये का, हाक मारली की थांबायला? एक तर इथं राहा, न्हाई तर तिथं राहा. मी दुकान सांभाळू का तुमचा धूर बघत बसू?"

मी म्हणले, "दोन्ही करून दाखवीन."

"कशी?"

ते मला पण माहीत न्हाई. परत येताना जीपमध्ये तोंडावर पदर घेऊन रडले. शेजारच्या बाईला वाटलं मला गाडी लागली, तिनं बिचारीनं लिंबू दिलं.

९ डिसेंबर

लेंड्या कमी पडून राह्यल्या. दुपारी मेंढरं टेकतात ती घडीभर. खरा माल रात्रीचा. तो जाळीच्या आत पडतो आणि सकाळी आम्ही पाठ फिरवून चालू लागतो. भाऊनं निरोप पाठवलाय की नर्सरीवाला एक मौका अजून देतो म्हणतो, पण माल दुप्पट पाहिजे आणि बिलकुल कच्चा नको.

काल रात्रभर कूस बदलत होते. राधाकिसन म्हणला, "सोड की ते. आपल्याला काय कमी हाये?"  त्याला ती भोकरदनची जीप आठवत न्हाई का? का आठवती, म्हणून बोलत न्हाई?

१९ डिसेंबर

सुचलं! इतकं सोपं होतं की मलाच माझं हसू आलं.

मालक जवारी कशाची देतो? लेंड्यांची. मंग आपण जवारी घेतलीच न्हाई तर? लेंड्या आपल्या. मुताचं खत त्याच्या रानाला तसंच राहील, ते फुकट. त्याची जवारी वाचली, आम्हाला माल मिळाला, कुणाचं काही बुडालं न्हाई. सरळ तोंडावर सांगायचं, लबाडी कसलीच न्हाई.

जेवताना बोलले. राधाकिसन भाकरी मोडता मोडता थांबला. म्हणला, "खायचं काय मंग?" मी म्हणले, "विकत घेऊ, कंपनी देईल." तो बापाकडं बघायला लागला. मामांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मंग म्हणले, "तिला बराबर वाटतं तर करू द्या. पोरीनं त्या साली लई सोसलं."

मला वाटलंच नव्हतं ते माझ्या बाजूनं बोलतील. तोंडानं बोलले, नजर मात्र चुलीकडं. आत्याबाई लगेच त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन म्हणल्या, "धरा, हा इथं हाये, इथं." काय ती नवऱ्याची सरबराई! म्हाताऱ्या माणसाला लेकरासारखं घास भरवायचं फक्त राह्यलंय. मला न्हाई बाई जमायचं असलं.

२४ डिसेंबर

पिंपळगाव रेणुकाई. बद्रीनाथकाकांचं रान. इथं आमची मेंढरं मामांच्या बापापासून बसतात. या रानाचा बांध न् बांध मामांच्या पायाला ठाऊक. आज तर ते काठी न टेकता विहिरीपर्यंत एकटे गेले.

काका बैलगाडीतून आले. त्यांची बायको साळूबाई पण संगं. मी सरळ मुद्द्यावर आले. "काका, औंदा जवारी नको."

"का बरं? किडकी दिली का आम्ही कधी?"

"तसं न्हाई. सकाळी लेंड्या झाडून आम्ही नेणार. आमची कंपनी हाये." मी पिशवी दाखवली. त्यांनी देवीचं नाव वाचलं, पिशवी नीट गाडीच्या पाटावर उभी ठेवली.

"रायभान," ते म्हणले, "ही पोरगी काय बोलून राह्यली?"

"तिचं तीच सांगंल."

"आरं, माझ्या पोरीच्या लग्नात तू बोकड आणून बांधलास. माझा बाप मेला तवा तू तीन मुक्काम सोडून पळत आल्तास. आणि आता जवारी नको?" ते माझ्याकडं वळले. "ती जवारी लेंड्यांची किंमत व्हती असं वाटतं का गं तुला?"

मी म्हणले, "मंग कशाची होती?"

 साळूबाईनं तोंड फिरवलं. काका म्हणले, "दिस मावळायला आला. आजच्या रात बसा. लेंड्या खुशाल न्या. उद्या निघा."

म्हाताऱ्याला फुकटचं खत जाताना दिसलं, म्हणून पोटात दुखलं. मी जवारीच घेत न्हाई म्हणले तर माझा गुन्हा काय? मामा मेंढरांत जाऊन बसले, जेवायला पण आले न्हाईत.

२५ डिसेंबर

सकाळी झाडून पोती भरली. एवढा माल मी आजवर एका जागी बघितला न्हाई. जीव हरखला.

निघताना साळूबाई दर साली आत्याबाईंची ओटी भरते. आज ती आलीच न्हाई. आत्याबाई वाटभर मागं वळून बघत होत्या. मी म्हणले, "मी घेऊन देते तुम्हाला खण, जालन्याहून, चांगला." त्या म्हणल्या, "खणाला काय करू बाई मी." एवढंच बोलल्या.

६ जानेवारी २०००

साल बदललं. डायरी जुनीच, तारखा खोडून लिहिते.

बद्रीनाथकाकाचा शब्द आमच्या पुढं पुढं चालून राह्यलाय. पुढच्या गावी मालक भेटलाच न्हाई. त्याच्या पुढच्या गावी भेटला, पण म्हणला, "औंदा आम्ही युरिया आणलाय." तिसऱ्या ठिकाणी आम्ही पाल टाकलं आणि पोरं येऊन म्हणली, विहिरीची मोटर जळली. संध्याकाळी त्याच मोटरचा आवाज येत होता.

मी एकाला अडवून विचारलंच. "दादा, आम्ही तुमचं काय घेतलं?"

तो म्हणला, "घेतलं न्हाई ताई. तुम्ही आमचं काही घ्यायलाच तयार न्हाई. मंग तुमचं आमचं काय? वाटसरू हायेत तुम्ही, वाटंनं जा."

मला हे लोक कळत न्हाईत. फुकटात मिळालं तरी रडतात. राधाकिसन म्हणला, "चल, माघारी जाऊन काकाचे पाय धरू, जवारी मागून घेऊ." मी म्हणले, "माझी ऑर्डर पुरी होऊ दे, मंग हजारदा पाय धरू." तो बरं म्हणला. तो कधी न्हाई म्हणतच न्हाई, हीच तर पंचाईत आहे.

रस्त्याच्या कडंला मुक्काम. मेंढरांचं पोट भरून न्हाई राह्यलं.

२३ जानेवारी

आज मात्र चांगलं लिहायचं आहे. ढीग थंडावला, माल काळाशार, हातात घेतला तर पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास. या ढिगासाठी मी शेडमध्येच मुक्काम ठोकला होता. आठवडाभर पालाकडं गेले न्हाई. नर्सरीवाल्यानं स्वतः येऊन बघितला. म्हणला, "असाच पाहिजे होता." फेब्रुवारीत टेम्पो पाठवतो म्हणला.

भाऊनं पेढे आणले. मस्तगडला त्याच्या ओळखीच्या घरात वरची एक खोली रिकामी आहे, ती दाखवली. खिडकी आहे, नळ आहे, जिना अंधारा आहे पण चालंल. मी खिडकीत उभी राहून मनातल्या मनात चूल कुठं, पाळणा कुठं, ते लावून घेतलं. एकटीच होते, म्हणून थोडी नाचले पण.

मंग आठवलं की तिकडं मेंढरं कुठं आहेत तेच मला ठाऊक न्हाई. मुक्कामाला मालकच न्हाई तर पत्ता कुणाचा सांगणार?

१० फेब्रुवारी

अवकाळी पाऊस झाला, आठवडाभर थांबून थांबून चांगला पडला. शेडचं पत्र्याचं एक पान उडालं, मी आणि भाऊच्या गड्यानं गोणपाट टाकून माल वाचवला.

पाल शेवटी सापडलं, भोकरदनच्या अलीकडं, रोडपासून आत. कधी न पाह्यलेलं रान. मालक कुठंतरी शहरात राहतो म्हणे, अडवणारं कुणी न्हाई. सगळे भिजलेले. मेंढरांच्या बरगड्या दिसून राह्यल्या. आत्याबाईंना खोकला. मामा अनोळखी रानात काठीनं चाचपत चाचपत फिरतात, दोनदा बांधावरून पडले म्हणे, गुडघा फुटलाय. मी हळद लावायला गेले तर हात पुढं करून म्हणले, "कोण?" मी समोर बसलेली! कोण म्हणून विचारतात! मला इतकं लागलं ते, की हळद आत्याबाईंच्या हातात दिली आणि उठले.

राधाकिसनला म्हणले, "परवा टेम्पो येणार आहे. पोती चढवायला माणूस न्हाई. तू चल."

"बा एकटा पडंल."

"आत्याबाई आहेत ना. जन्म गेला त्यांचा मेंढरांत. एक दिवस बाबा, एकच दिवस. ही गाडी गेली की खोली. खोली झाली की मी तुला कधी काही मागणार न्हाई."

तो बराच वेळ बापाकडं बघत होता. मामाच म्हणले, "जा. मी हाये की."

१२ फेब्रुवारी

टेम्पो भरून गेला. राधाकिसननं एकट्यानं अर्ध्याच्या वर पोती चढवली. नर्सरीवाल्याच्या माणसानं त्याची पाठ थोपटली. दुपारी भाऊनं आम्हाला हॉटेलात नेऊन भजे खाऊ घातले. राधाकिसन खुर्चीवर अवघडून बसला होता, त्याला भजे द्यायला येणारा पोऱ्या "साहेब" म्हणला तर तो मागं वळून बघायला लागला, साहेब कोण आला म्हणून. आम्ही लई हसलो. आता पालाकडं निघतोय.

१५ फेब्रुवारी

लिहिते.

कापून नेलेल्या जवारीच्या रानात पावसानं कोवळे फुटवे आले होते. ते विष असतं. आमच्यात लेकरालाही माहीत आहे की तसल्या रानात मेंढरू घालायचं न्हाई. त्यात मेंढरं उपाशी. आत्याबाई पाण्याला लांबच्या ओढ्यावर गेल्त्या. मामांना वाटलं आपण मेंढरं वाळल्या धसकटात घातली, पण ती त्या फुटव्यांत गेली.

आम्ही जीपमधून उतरलो तवा बांधाबांधानं मेंढरं पडलेली. पोटं फुगलेली, तोंडाला फेस. काही उभी राहून थरथरत होती आणि बघता बघता गुडघ्यावर येत होती. राधाकिसन गुळाचं पाणी करून एकेकीच्या तोंडात ओतत होता. एकीला पाजून उठला की ती गेलेली. तो पुढचीकडं जायचा. मी गूळ फोडत होते. दगडानं माझं बोट ठेचलं ते मला दुसऱ्या दिवशी कळालं.

मामा मधोमध बसून होते. एकेका मेंढीच्या कानाला हात लावून नाव घेत होते. मला राग अनावर झाला. मी ओरडले, "डोळे फुटले होते का तुमचे?"

मामांनी पुढच्या मेंढीचा कान चाचपून नाव घेतलं.

अर्ध्याहून जास्त गेली. आजूबाजूच्या गावांतली माणसं आली, त्यांनीच खड्डा खणायला मदत केली. तीच माणसं, ज्यांनी आम्हाला रान दिलं न्हाई.

१८ फेब्रुवारी

आत्याबाईंनी आज सांगितलं. मामांना दिसत न्हाई. दोन सालं झाली. आधी धुरकट, मंग सावल्या, आता उजेड तेवढा कळतो. वाटेवरची जुनी रानं पायानं ओळखायचे. मेंढरं आवाजानं. मला बोलण्यावरून.

मी म्हणले, "मला का न्हाई सांगितलं?"

त्या म्हणल्या, "त्यांनीच सांगू दिलं न्हाई. म्हणले, कळालं की राधाकिसन मेंढरं सोडून हलायचा न्हाई. मंग पोरीचं ते खताचं कसं व्हायचं?"

मी शेळीसारखी तिथंच बसून राह्यले.  ते माझ्याकडं बघत नव्हते म्हणून मी त्यांच्यावर किती पानं काळी केली. ती फाडावीत असं वाटलं. फाडली न्हाईत. राहू देत, माझी लायकी मला वाचता येईल.

मामांच्या पाया पडायला गेले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "टेम्पो भरला का बाई नीट?"

३० मार्च

उरलेली मेंढरं विकली. एवढ्याशा मेंढरांवर चार माणसं जगत न्हाईत, आणि बसायला रान न्हाई. राधाकिसन बद्रीनाथकाकाकडं जाऊन आला, मला न सांगता. काका दारात आले, त्याला पोटाशी धरलं, चहा पाजला. रडले म्हणे. म्हणले, "आरं, आता बोलावू तर कुणाला बोलावू?"

घोडी विकली तवा राधाकिसन बाजाराच्या बाहेरच थांबला.

मस्तगडच्या खोलीत आलो. चौघं. चूल खिडकीखाली लावली. पाळण्याची जागा मामांच्या अंथरुणाला गेली.

११ जून

धर्मराजभाऊ माणूस चांगला आहे. त्यानं मामांना मोफत शिबिरात नेलं, ऑपरेशन करून आणलं. आता त्यांना सगळं दिसतं. भिंतीवरची पाल दिसती, कॅलेंडरवरच्या बाईच्या नाकातली नथ दिसती. सकाळी उठून जिन्याच्या तोंडाशी बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला बघतात.

मी काल हौसेनं विचारलं, "मामा, मी कशी दिसते?"

"वाळलीस," ते म्हणले. मंग म्हणले, "बाई, एवढा खटाटोप नव्हता करायचा. बघायचं ते आधीच बघून झाल्तं."

लेंड्या आता दुसऱ्या मेंढपाळांकडून विकत घेतो. राधाकिसन शेडमध्ये चाळणीवर काम करतो. कुटायला, पलटायला, भरायला. आता ढीग वेळेवर पलटतो, जळत न्हाई. माल एकदम पहिल्या नंबरचा. रात्री तो खोलीत झोपत न्हाई, गच्चीवर जातो. मी विचारलं तर म्हणतो, "उकडतं." थंडीत काय म्हणंल ते बघू.

१४ नोव्हेंबर २०००

दिवाळी झाली. लोक चालायला लागले.

भाऊनं रोडवर पाटी लावली आहे, "मेंढीच्या लेंड्या रोख घेतल्या जातील". आता चार जिल्ह्यांच्या नर्सऱ्या आमचा माल मागतात. भाऊ म्हणतो, ताई, तुमची कंपनी उभी राह्यली. खुर्ची मला दिली आहे, काट्याजवळ.

आज एक पाल रोडच्या पल्याड उतरलं. नवरा-बायको पोती घेऊन आले. बायको उषाबाई, वीस-एकवीसची असंल, तुरतुरीत, तोंडाला उसंत न्हाई. मी काट्यावर पोतं ठेवलं. तिचा नवरा शेडमध्ये इकडंतिकडं बघत होता. राधाकिसनच्या हाताकडं बघून थांबला. लेंड्या मुठीत घेऊन बोटानं फोडून बघायची एक रीत असते, ती शेडमध्ये कुणी शिकवत न्हाई.

त्यानं विचारलं, "पाव्हणं, तुम्ही आपल्यातलेच का? कोणच्या वाटंनं असता?"

राधाकिसन म्हणला, "न्हाई. मी इथला हमाल. मला मेंढरातलं काय कळत न्हाई."

काट्याचा काटा हलत होता, मी त्याच्याकडं बघत राह्यले. मला ओरडून सांगावं वाटलं की खोटं बोलतोय तो, त्याला नुसत्या खोकल्यावरून मेंढी कोणाची ते कळतं. मी पोत्याचं वजन वहीत लिहून घेतलं.

उषाबाई माझ्या अंगाशी आली. हळूच, जणू काही गुपितच. "ताई, एवढंच लागतं का अजून घेता? आमच्याकडं रात्रीच्या लई निघतात. उगाच मालकाच्या रानात सोडून येतो. त्यांचं धान्य घ्यायचं बंद केलं तर समद्या तुमच्याकडंच आणू. मला एक खोली करायची हाये जाफराबादला." तिच्या पोटाकडं माझं लक्ष गेलं. पाचवा-सहावा असंल.

राधाकिसनची चाळणी थांबली होती. भाऊ पलीकडच्या टेबलावर नर्सरीवाल्याशी फोनवर बोलत होता, हिवाळ्यात दुप्पट देऊ म्हणत होता. त्यानं माझ्याकडं बघून हातानंच विचारलं, होईल ना?

मी उषाबाईला म्हणले, "आणा. पण चांगल्या वाळवून आणा."

ती हसत गेली. जाताना वाटेत राधाकिसनला पण रामराम घालून गेली. त्यानं पुढचं पोतं उचललं, चाळणीवर ओतलं आणि चाळायला लागला. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच रिक्षानं मस्तगडला आलो. तो जिना चढून खोलीवरून तसाच पुढं गच्चीवर गेला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं आहे.